एफडी मोडून पेडलचे पार्ट भरायचे का? भुसावळच्या भाऊंना उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगतो. भुसावळचे एक भाऊ आहेत, वय २९, जळगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला, कंत्राटी, रोज अपडाऊन, हातात २६ हजार येतात आणि घरखर्च २१ हजार. लगीनसराईत बँडमध्ये गिटार वाजवतात, कधी बँजो पण. दोन वर्षांपासून घरीच इफेक्ट पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे पायाने चालू-बंद करायचे डबे, बनवतायत, ओव्हरड्राइव्ह, फझ (दोन्ही आवाज फाडणारे) वगैरे, मागच्या वर्षी ओळखीतल्या लोकांना ४ पेडल २२०० ला एक अशी विकली. आता त्यांचं म्हणणं असं की १ लाख ४० हजारांची एफडी आहे ती मोडतो आणि ८५ हजारांचा इलेक्ट्रॉनिक माल एकदमच भरतो, म्हणजे पर पीस रेट निम्म्यावर येईल आणि प्रॉफिट डबल. एफडी मोडायची नसेल तर मुद्रा लोन किंवा बायकोची पोत गहाण ठेवून गोल्ड लोन, यातलं काय बरं, असं विचारलंय.

भो, तिन्हीपैकी एकही नको. पण पेडलचा धंदा करू नका असं मी म्हणत नाहीये, तो करा, तुमची खरेदीची यादी चुकलीय. यादी पाठवलीत ते फार बरं केलं, नाहीतर मी पण एफडी चांगली की वाईट असलं काहीतरी गुळमुळीत लिहून मोकळा झालो असतो.

तुमच्याच हिशोबातलं एक ओव्हरड्राइव्ह पेडल घेऊ. अ‍ॅल्युमिनियमचा डबा ४५०, पायाने दाबायचा थ्री पीडीटी फूटस्विच १३०, दोन जॅक ८०, डीसी जॅक २५, तीन पॉट (आवाज कमी-जास्त करायचे) आणि त्यांच्या नॉब मिळून १५०, पीसीबी म्हणजे सर्किटचा बोर्ड १२०, आयसी म्हणजे चिप २५, रेझिस्टर कपॅसिटर डायोड सगळे मिळून ७०, एलईडी १०, रंग आणि स्टिकर ९०. झाले ११५०. आता यात ज्याला आपण इलेक्ट्रॉनिक्स म्हणतो ते कितीचं आहे बघा, आयसी, रेझिस्टर कपॅसिटर, एलईडी मिळून १०५ रुपये. डबा, स्विच, जॅक आणि पॉट हे ८३५ चे. म्हणजे हजारात घेऊन रेझिस्टर अगदी निम्म्या भावात मिळाले तरी एका पेडलमागे वाचणार पन्नास रुपये, आणि त्या पन्नास रुपयांसाठी तुम्ही एफडीला हात लावताय.

आणि ८५ हजार जातायत कुठे? रेझिस्टर १४ हजार, कपॅसिटर १६ हजार, आयसी १८ हजार, जर्मेनियम ट्रान्झिस्टर २२ हजार, डबे १५ हजार. १५ हजारात ४५० च्या भावाने डबे येणार ३३. म्हणजे ७० हजारांचा माल अशा पेडलसाठी ज्यांना डबेच ३३ आहेत, आणि त्या ३३ पेडलना १०५ च्या हिशोबाने माल लागतो साधारण साडेतीन हजारांचा! बाकीचा ड्रॉवरमध्ये. फूटस्विच, पॉट आणि जॅक तर यादीतच नाहीत, ते परत खिशातून. आणि मागच्या वर्षीच्या स्पीडने, म्हणजे वर्षाला ४, हे ३३ डबे संपायला आठ वर्षं लागतील. विक्री तिप्पट झाली असं धरलं तरी पावणेतीन वर्षं.

यात अजून एक गोष्ट आहे जी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल पण हिशोबात धरलेली दिसत नाही, माल पडून पडून खराब होतो. रेझिस्टरला काही होत नाही, ते वीस वर्षं राहू द्या. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न वापरता वर्षानुवर्षं पडले की त्यांचा आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवले तर विचारूच नका. १६ हजारांच्या कपॅसिटरमधले निम्मे जर तुम्ही पाच वर्षांनी काढणार असाल तर ते स्वस्तात घेतले असं मी तरी म्हणणार नाही.

आता जर्मेनियमचं. हा तुमचा आवडता विषय दिसतो, अर्धं पत्र त्याच्यावरच आहे. एका जुन्या रेडिओ मेकॅनिकचं दुकान बंद होतंय, त्यांच्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे २०० नग आहेत, ते ११० ने देतायत, असा माल परत मिळणार नाही म्हणता. मान्य, १९६६ चा फझ फेस नावाचा इंग्लंडमधला फझ पेडल सुरुवातीला जर्मेनियमवरच निघाला, आणि त्या आवाजाचं वेड असलेले लोक आहेत. पण त्या सर्किटला ट्रान्झिस्टर लागतात दोन. २०० नग म्हणजे १०० फझ. भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं धुंडाळलं तरी जर्मेनियम फझ मागणारे किती निघतील तुम्हीच सांगा. बँडवाल्यांना फझ लागत नाही, त्यांना इको आणि थोडा ओव्हरड्राइव्ह लागतो.

त्यात जर्मेनियमचा लीकेज करंट, म्हणजे बंद असतानाही गळणारा करंट, तापमान दहा अंश वाढलं की साधारण दुप्पट होतो. २५ अंशाला नीट बायस केलेलं (ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज जुळवलेलं) पेडल भुसावळच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, मांडवात जनरेटरच्या बाजूला ठेवलं तर लीकेज चौपट, मग आवाज फाटतो नाहीतर नुसता फुसफुसतो, आणि गिऱ्हाईक म्हणणार पेडल बेकार निघालं. इंग्लंडच्या थंडीत ही भानगड कमी, आपल्याकडे सीझनच मुळात उन्हाळ्यात. वर एसी १२८ हा पीएनपी जातीचा, म्हणजे साध्या पद्धतीने बनवलं तर पॉझिटिव्ह ग्राउंड, नेहमीच्या पेडलच्या उलट प्लस टोक ग्राउंडला, आणि ज्याच्याकडे एकाच अडॅप्टरवर चार पेडल चालतात त्याने हे त्यात जोडलं की सप्लाय शॉर्ट. त्याला वेगळी व्होल्टेज उलटी करणारी आयसी टाका, परत खर्च. सिलिकॉनचे बीसी १०८ पुढे त्याच फझमध्ये वापरले गेले, आणि आज बीसी ५४९ दोन-तीन रुपयांना मिळतो, उन्हाने त्याला फारसा फरक पडत नाही.

म्हणून त्या काकांकडून २०० नाही, १० घ्या. दुकानात मल्टिमीटर घेऊन बसा, गेन (सिग्नल किती वाढवतो ते) आणि लीकेज मोजा, चांगले निघतील तेच उचला, नगाला ११० च्या ऐवजी दीडशे मागितले तरी द्या. मोजून घेतलेला दीडशेचा नग न मोजलेल्या ११० च्या नगापेक्षा स्वस्त पडतो, कारण अशा जुन्या लॉटमध्ये किती नग फझला चालतील ते मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. आणि ते दहा स्वतःच्या पेडलसाठी धरा, तो शौक आहे, शौकाचा खर्च म्हणूनच लिहा.

१८ हजारांच्या आयसीमध्ये कोरस इफेक्टसाठीच्या, आवाज थोडा उशिरा सोडणाऱ्या जुन्या बकेट ब्रिगेड चिप आणि जे २०१ एफईटी (एका जातीचे ट्रान्झिस्टर) आहेत. पॅनासॉनिकने त्यातली एमएन ३००७ बनवणं कधीच बंद केलंय, आणि बोर्डाच्या भोकात घालायच्या लांब पायांचा जे २०१ पण बनणं थांबलं, त्यामुळे बाजारात दुसऱ्याच नगावर नाव घासून नवीन छापलेला माल खूप फिरतो. परदेशातून कुरिअरने आला आणि बोगस निघाला तर परत कोणाला करणार? शिवाय धंद्यासाठी परदेशातून माल मागवायचा तर आयातीचा आयईसी कोड लागतो, फी ५०० रुपयेच आहे पण लागतो, आणि वर कस्टम ड्यूटी, आयजीएसटी, कुरिअरवाल्याचं क्लिअरन्स चार्ज. तुमच्या पर पीस रेटमध्ये यातलं काहीच नाही.

पैशाचं आता पटकन बोलतो. कंत्राट मार्चला संपतं आणि रिन्यू होईल का माहीत नाही असं तुम्हीच लिहिलंय. एफडी १ लाख ४० हजार म्हणजे तुमच्या घरखर्चाचे साडेसहा महिने. ८५ हजार काढले की उरले ५५ हजार, अडीच महिने. त्यात दोन वर्षांची मुलगी. मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेवली तेवढ्या मुदतीचा व्याजदर मिळतो, आणि बऱ्याच बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात, पण ते मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही, मार्चमध्ये काम गेलं तर रेझिस्टर विकून किराणा येत नाही हे महत्त्वाचं. मुद्राच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही, पण तारण नाही म्हणजे फेडायचं नाही असं नव्हे, हप्ता महिन्याला येणार आणि बँडवाल्यांचे पैसे येणार आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढे मागे. चातुर्मासात तर सगळंच थंड. पोतीबद्दल एवढंच विचारतो, वहिनींना विचारलं का? पत्रात कुठे दिसलं नाही.

मग करायचं काय? पहिली खेप १२ हजारांची, त्यापेक्षा एक रुपया जास्त नाही, आणि ती मागच्या सीझनच्या वाजवण्याच्या पैशातून. त्यात ८ पेडल बनतात, ११५० ने ९२०० होतात, उरलेल्या २८०० मध्ये रोज लागणारा बारीक माल थोडा जास्तीचा घ्या. म्हणजे ज्या पंधराएक व्हॅल्यू प्रत्येक सर्किटमध्ये येतात त्यांचे रेझिस्टर शंभर-शंभर, १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, वन एन ४१४८ डायोड, टीएल ०७२ आणि ४५५८ या आयसी थोड्या. हा माल बल्कमध्ये घ्यायलाच पाहिजे, कारण एक रेझिस्टर नाही म्हणून पेडल अडकलं तर ते कुरिअरचे साठ रुपये जास्त दुखतात. डबे मात्र मोजून ८, फूटस्विच १०, कारण सोल्डर करताना जास्त तापला की त्याचं प्लास्टिक आतून वितळतं, एक-दोन जातातच.

माल आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एकदा जाऊन या, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, एका दिवसात होतं, पण लिस्ट लिहून न्या आणि लिस्टबाहेरचं काही घेऊ नका, तिथे माणूस लहान पोर जत्रेत करतं तसं करतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बोगस निघाला तर तोंड उघडायला काहीतरी हातात पाहिजे.

पैसा वाचवायचाच असेल तर डब्यात वाचवा. तुम्ही एमआयडीसीत आहात, शीट मेटलचं काम करणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे ८ डबे वाकवून किती पडतील विचारा, पावडर कोटिंग पण तिथेच. ४५० चा डबा २५० ला पडला तर पेडलमागे २०० सुटले, जे रेझिस्टरमधून जन्मात सुटणार नव्हते. फक्त डबा धातूचाच ठेवा आणि ग्राउंडला नीट जोडा, नाहीतर मांडवातल्या लायटिंगची सगळी घरघर स्पीकरमधून येईल.

आणि काय बनवायचं ते पण गिऱ्हाईक बघून. बँजोवाल्यांसाठी इको बनवा. पीटी २३९९ ही स्वस्त चिप कराओकेच्या बोर्डांवर सर्रास असते, पाच व्होल्टचा रेग्युलेटर लावला की चालते, आणि इथे कोणालाही सहज रिपेअर करता येते. तयार चायनीज पेडल तीन-साडेतीन हजारात मिळतंच, त्याच्याशी आवाजावर भांडू नका. तुमच्याकडे बिघडलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन मिळतं, हे त्या पेडलला जमणार नाही, आणि वरातीच्या आदल्या रात्री ज्याचं पेडल बंद पडतं तो माणूस याचे पैसे देतो. निम्मे पैसे ऑर्डर घेतानाच घ्या. मागच्या वर्षीच्या चारमधलं एक अजून उधारीवर आहे म्हणता, म्हणजे तुमचा चारपैकी एकाचा पैसा अडकलेला, हा आकडा पर पीस रेटपेक्षा जास्त भीतीदायक आहे.

२२०० मधून ११५० गेले की १०५० राहतात, आणि एका पेडलला पाच-सहा तास जातात असं तुम्ही लिहिलंय, तर तासाला पडतात पावणेदोनशे ते दोनशे दहा रुपये. वाईट नाही, पण यात बिघडलेलं पेडल फुकट दुरुस्त करायचा वेळ नाही धरलेला. किंमत २५०० करून बघा.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकत असाल तर मालासाठी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. पण इन्स्टावर बघून बंगळुरू नाहीतर सुरतच्या माणसाने मागवलं आणि तुम्ही पाठवलं तर राज्याबाहेरच्या विक्रीला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, सुरत आपल्याला जवळची वाटते म्हणून हे विसरायला होतं. उद्यम नोंदणी फुकट आहे, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. धंद्याचं बँक खातं आणि यूपीआय वेगळं ठेवा, आणि रिटर्न भरताना हे उत्पन्न दाखवा.

८ पेडल रोखीने गेली की त्याच पैशातून पुढची ८. अशी सलग दोन लगीनसरायांत वीसेक पेडल उधारी न ठेवता गेली आणि तोपर्यंत एफडी जशीच्या तशी असली तर मग डबे आणि फूटस्विच ५०-५० एकदम घ्या, तिथे बल्कचा रेट खरंच उपयोगी पडतो. रेझिस्टर तेव्हाही शंभरच्या पट्टीनेच घ्या.