टार्पनसाठी फ्लाय बांधताना: वाचकांचे प्रश्न

एप्रिल ते जून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर टार्पनचा सीझन असतो, त्यामुळे यावेळी बहुतेक पत्रं त्याचीच आहेत. नवख्यांसाठी एवढंच सांगतो, टार्पन म्हणजे शंभर पौंडांच्या वर सहज जाणारा, चांदीसारख्या खवल्यांचा, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा, आणि फ्लाय म्हणजे पिसं, केस, दोरा गळावर बांधून केलेलं खोटं आमिष.

प्रश्न: मी टॅम्पाला असतो. लहानपणी मालवणला गरीने मासे धरलेत, फ्लाय फिशिंग मात्र इकडेच शिकलो. टार्पनसाठी घरी फ्लाय बांधतोय पण थोडे कास्ट झाले की शेपटीची पिसं गळाच्या वाकाला गुंडाळतात आणि फ्लाय गरगर फिरते. पिसं आखूड करू का?

आखूड नका करू, मागे न्या. तुमच्या फोटोत पिसं दांड्याच्या पुढच्या भागात बांधलेली दिसतायत, ट्राउटच्या स्ट्रीमरसारखी, म्हणजे छोट्या माशाची नक्कल करणाऱ्या लांबट फ्लायसारखी. तिथून ती वाकावरून मागे लोंबतात आणि बारा वेटच्या, म्हणजे मोठ्या माशांसाठीच्या दणकट रॉडने वाऱ्यात जोर लावून फेकलं की अडकणारच. फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेतल्या जुन्या लोकांनी यावर उपाय काढला तो असा, की सगळं सामान गळ जिथे वळायला लागतो तिथेच बांधायचं आणि पुढचा दांडा मोकळा, नुसता दोऱ्याने मढवलेला. याला कीज स्टाइल म्हणतात. तिथले नावाजलेले मासेमार स्टू आप्ट यांची प्रसिद्ध टार्पन फ्लाय अशीच, १९९१ मध्ये अमेरिकन पोस्टाने तिचं २९ सेंटचं तिकीट काढलं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बांधणारा मधेच उठून चहाला गेला, पण तेवढीच पुरते.

बांधताना वाकाच्या तोंडाशी दोऱ्याचा छोटा उंचवटा करा. मग दोन्ही बाजूंना तीन-तीन सॅडल हॅकल (कोंबड्याच्या पाठीची लांब पिसं), चकचकीत बाजू आत, म्हणजे टोकं बाहेर फाकतात, लाइन ओढली की मिटतात आणि थांबलात की उघडतात. टार्पन बहुतेक वेळा त्या थांबण्यावरच येतो. पिसाचा देठ गोल असतो म्हणून बांधताना तो फिरतो आणि सगळी शेपूट तिरकी होते, तर देठ आधी चिमट्याने दाबून चपटा करा. दोरा २१० डेनियरचा चपटा नायलॉन घ्या, बारीक दोऱ्याने ताण देता येत नाही. शेपटीच्या पुढे एक हॅकल पाच-सहा वेढे दाट गुंडाळली की कॉलर झाली, पुढे दोरा आणि वर यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याने घट्ट होणारा पारदर्शक डिंक), नसेल तर घरातलं पारदर्शक नेलपॉलिश पण चालतं. अजून काहीतरी घालावंसं वाटेल, चमकी, डोळे, वगैरे. नका घालू. जास्त पिसांची फ्लाय पाणी पिऊन जड होते, फेकायला त्रास आणि पाण्यात हलत पण नाही.

प्रश्न: टोड नावाच्या चपट्या डोक्याच्या फ्लायला लेड आयज (शिशाचे जड डोळे) लावले तर लवकर बुडेल ना?

बुडेल, आणि तोच तोटा आहे. टार्पनचा खालचा जबडा वर वळलेला, डोळे वरच्या बाजूला, तो खालून वर बघून खातो, नाकाखालून गेलेल्या फ्लायसाठी वाकायला जात नाही. म्हणून फ्लॅटवर, म्हणजे उथळ सपाट पाण्यात, फ्लाय त्याच्या डोळ्याच्या रेषेत किंवा थोडी वर तरंगत राहायला हवी. टोडचं ते आडव्या धाग्यांचं चपटं डोकं त्यासाठीच असतं, ओढणं थांबलं तरी ती पटकन खाली जात नाही. खोल चॅनलमध्ये मासा तळाशी असेल तर वजन लावा, ते वेगळं.

प्रश्न: कोणता रंग?

पहाटे, संध्याकाळी, गढूळ पाण्यात गडद, म्हणजे काळा-जांभळा किंवा काळा-लाल. स्वच्छ पाण्यात ऊन असेल तर फिकट, पिवळसर-हिरवा किंवा टॅन. कॉकरोच नावाची ग्रिझली (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या) पिसांची, तपकिरी बकटेलच्या (हरणाच्या शेपटीच्या केसांच्या) कॉलरची फ्लाय बहुतेक ठिकाणी चालते. यापुढे रंगावर डोकं खाजवण्यापेक्षा तेवढा वेळ कास्टिंगला द्या.

प्रश्न: मासा फ्लाय घेतो, एक उडी मारतो आणि गळ सुटून येतो. मोठा गळ वापरू का?

उलट लहान घ्या. टार्पनचं तोंड आतून हाडासारखं कडक, जाड तारेचा मोठा गळ त्यात शिरतच नाही. १/० ते ३/० पुरे (या मापात पहिला आकडा वाढला की गळ मोठा). नवा गळ सुद्धा कानस मारून टोकदार करा, टोक नखावर अलगद टेकवून ओढा, घसरलं तर अजून घासा, रुतलं तर झालं. फ्लाय बांधायच्या आधीच हे करा, नंतर पिसं मधे येतात. दुसरं म्हणजे मासा लागल्यावर रॉड वर उचलायचा नाही, रॉड माशाकडे ठेवून लाइन हाताने जोरात खेचायची. आणि तो उडी मारतो तेव्हा रॉड त्याच्याकडे झुकवून लाइन सैल सोडायची, नाहीतर हवेत मान झटकून तो एकतर गळ फेकतो नाहीतर टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक दोरा, तोडतो. टार्पनला मोठे दात नाहीत पण जबडा सँडपेपर आहे, म्हणून टिपेटच्या पुढे ६० ते ८० पौंडी फ्लुरोकार्बनचा तुकडा लागतोच. रेकॉर्डची हौस असेल तर आयजीएफएच्या (मासेमारीचे जागतिक रेकॉर्ड नोंदवणाऱ्या संस्थेच्या) नियमात हा तुकडा गाठी धरून १२ इंचांपेक्षा मोठा चालत नाही. २००१ मध्ये जिम हॉलंड ज्युनियर यांनी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर २०२ पौंड ८ औंसाचा टार्पन धरला तो २० पौंडी टिपेटवर, म्हणजे ताकदीपेक्षा लाइन कधी सोडायची ते कळलं पाहिजे.

प्रश्न: एवढा मोठा मासा, मग खायला कसा लागतो?

वाटच बघत होतो या प्रश्नाची! काटे भरमसाट, तिकडे कोणी खात नाही. आणि फ्लोरिडात टार्पन सोडूनच द्यावा लागतो, ठेवायचा तर ५० डॉलरचा टॅग (परवान्याची पट्टी) आणि तो पण फक्त रेकॉर्डसाठी. ४० इंचांवरचा मासा फोटोसाठी सुद्धा पाण्याबाहेर काढायचा नाही. कालवणाला सुरमई विकत आणा.

प्रश्न: पालोलो वर्म म्हणजे काय?

समुद्रातला लालसर किडा. मे-जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळी ओहोटी लागली की कीजमध्ये हे किडे झुंडीने वर येतात आणि टार्पन अक्षरशः वेडे होतात. फ्लाय एकदम साधी: १/० गळ, दोन-तीन इंच विटकरी रंगाची सशाच्या कातड्याची पट्टी, डोक्याला फिकट दोरा. ओढायची सावकाश पण न थांबता, कारण किडा पोहतो तसाच.

प्रश्न: रत्नागिरीहून विचारतोय. आपल्याकडे टार्पन आहे का, आणि सामान कुठून आणू?

अटलांटिकवाला नाही, पण त्याचा छोटा भाऊ, इंडो-पॅसिफिक टार्पन, आपल्या किनाऱ्यावर आणि खाड्यांमध्ये असतो, डोळे मोठे, जबडा तसाच वर. तो बहुतेक वेळा हातभर सुद्धा नसतो, म्हणून ३/० विसरा, चार नंबरचा, म्हणजे बराच लहान गळ, पांढरी छोटी फ्लाय आणि सहा-सात वेटचा रॉड पुरे. कांदळवनाच्या कडेला फेकणार असाल तर गळाच्या टोकापुढे जाड मोनोचा (नायलॉन दोऱ्याचा) वीड गार्ड, म्हणजे गळ अडकू न देणारा आडोसा, लावा, नाहीतर मुळांतच फ्लाय संपतील. पिसांसाठी गावठी कोंबड्याची मान आणि पाठ मटणवाल्याकडे सांगून ठेवा, शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा आणि डांबरगोळ्या टाकून डब्यात ठेवा नाहीतर कसर लागते. बकटेलऐवजी बकरीचे लांब केस घ्या. हरणाचे केस कोणी देऊ केले तरी नको म्हणा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि फ्लायसाठी कोर्टाच्या चकरा कोण मारणार.