खिशात राहिलं

जुलैतल्या एका दुपारी फोन आला. पलीकडे पत्र्यावर पाऊस कोसळत होता, त्यामुळे बाईंचं अर्धंच बोलणं माझ्यापर्यंत पोचलं. पोचलं ते असं: मुलगा बारावीला आहे, शहरातल्या एका मोठ्या दुकानात वस्तू उचलताना सापडला, पोलिसांनी त्याच रात्री घरी सोडलं, पण तारीख दिली आहे. "आता कोर्टात उभं करणार त्याला. पुढचं सगळं संपलं ना हो, मॅडम?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. कधी आई, कधी मामा, एकदा तर मुलीच्या क्लासचे सर. म्हणून ही एक गोष्ट लिहिते आहे. मुलाला आणि घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पावसकडच्या एसटीने मायलेक रत्नागिरीला आले. बाईंच्या एका पिशवीत कागद, दुसरीत माझ्यासाठी कुळथाचं पीठ. (मी फी घेते आणि पीठही घेते. पीठ परत केलं तर आमच्याकडे माणूस दुखावतो आणि मग बोलत नाही.) बाई बोलत होत्या आणि तो खिडकीतून मारुती मंदिरचा चौक बघत होता. उंच, हडकुळा, मिशी फुटलेली. बाईंचं एकच पालुपद होतं, "आमचं तोंड काळं केलंन."

वस्तू म्हणजे बिनतारी इअरबड्स, किंमत 1,299 रुपये. मी त्याला विचारलं, "काय झालं रे त्या दिवशी?"

"ते खिशात राहिलं."

मराठीत ही सोय फार चांगली आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, पैसे संपतात आणि वस्तू खिशात राहते. करणारा कुठेच नसतो. मी काही बोलले नाही. पहिल्या भेटीत त्या वाक्याला हात लावायचा नसतो.

आधी भीतीचं बघायला हवं होतं. आईच्या डोक्यात टीव्हीवरचं कोर्ट होतं: लाकडी पिंजरा, हातात बेडी, बाहेर फोटो काढणारे. मी वकील नाही हे सांगून जे माहीत आहे ते सांगितलं. घटनेच्या दिवशी मुलगा सतरा वर्षं सात महिन्यांचा होता. म्हणजे त्याचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात जात नाही, 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळासमोर जातं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात किमान एक बाई असावी लागते. मंडळ कोर्टाच्या इमारतीत बसवायचं नाही, पिंजरा नाही, उंच व्यासपीठही नाही, असा नियम आहे. बेडी घालत नाहीत. कोठडीत तर ठेवताच येत नाही. चोरीच्या ज्या कलमाखाली नोंद होती त्याला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची, म्हणून कायद्याच्या भाषेत हा किरकोळ अपराध. अशा वेळी मुलावर एफआयआरसुद्धा लिहीत नाहीत, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मंडळाला कळवतात. मात्र बरोबर कुणी अठरा पूर्ण झालेला साथीदार असेल तर एफआयआर होतो. हा एकटाच होता.

बाई ऐकत होत्या पण पटत नव्हतं. मग मूळ काळजी बाहेर आली. "डिसेंबरात अठरा पूर्ण होतात त्याला. तोवर लांबवतील आणि मोठ्या कोर्टात नेतील." कुणीतरी शेजाऱ्याने हे डोक्यात भरवलं होतं. असं होत नाही. कृत्य झालं त्या दिवशीचं वय धरतात. मधे अठरा उलटले तरी प्रकरण मंडळासमोरच राहतं. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तो पिशवीतच होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

वकील हवा होता. नातेवाइकांपैकी एकाने "माझ्या ओळखीचे आहेत, बघून घेतील" असं सांगितलं होतं आणि आकडाही सांगितला होता. मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. 1987 च्या कायद्याप्रमाणे मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 हा फोन नंबर आहे. ही गोष्ट लोकांना इतकी कमी ठाऊक असते की मी आता समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

दुसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवलं. तेव्हा कळलं की कोर्टाची भीती त्याला नव्हतीच. त्याला शिपिंगला जायचं होतं. आमच्या किनाऱ्यावर घरटी एक तरी कुणी बोटीवर असतो किंवा जाऊन आलेला असतो. याचा एक आतेभाऊ दोन वर्षांत घराला स्लॅब घालून मोकळा झाला. पासपोर्ट, सीडीसी (बोटीवरच्या नोकरीला लागणारं नोंदपुस्तक), पोलिसांचा चारित्र्य दाखला, ही सगळी यादी त्याला पाठ होती. "मॅडम, व्हेरिफिकेशनला आलं की संपलं."

इथे कायदा मुलाच्या बाजूने स्पष्ट बोलतो, आणि मला ते सांगताना बरं वाटतं. किरकोळ अपराधात मंडळाने काही आदेश दिला तरी पुढे नोकरी वा शिक्षणासाठी तो अपात्र ठरत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. मिटलेल्या प्रकरणातली माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी द्यायची नाही, असं कायद्यात लिहिलंय. मी कलम 24 आणि कलम 74 कागदावर लिहून दिलं. त्याने ते मोबाइलच्या कव्हरमागे सरकवलं.

(अठरा पूर्ण झालेल्यांचं वेगळं असतं. मागे एकोणीसची एक मुलगी आली होती, काजळ आणि दोन लिपस्टिक. तिला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जावं लागलं. पण तिथेही पहिलाच अपराध, वस्तू पाच हजारांच्या आतली आणि ती परत केलेली असेल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवेची शिक्षा ठेवली आहे. शिवाय 1958 च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्यामुळे एकविसाच्या आतल्या मुलांना तुरुंगात घालण्याआधी न्यायालयाला दहादा विचार करावा लागतो. अशा वेळी वकील आणखीच लवकर गाठावा.)

घरी जाऊन त्याने आईला कलमं वाचून दाखवली असावीत, कारण पुढच्या वेळी बाई हसतच आत आल्या. "म्हणजे काही झालंच नाही म्हणायचं!" मला हे दर वेळी खटकतं. नोंद पुसली जाते ती पोराला पुढे जाता यावं म्हणून. घरात सगळ्यांनी दुसरीकडे बघावं म्हणून नव्हे. पण त्या हसण्याखाली तीन आठवड्यांची जागरणं होती, म्हणून मी गप्प राहिले.

तेवढ्यात फोटो आला. दुकानातल्या एका पोऱ्याने त्याला वस्तू हातात धरायला लावून फोटो काढला होता आणि तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होता. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकिलांनी दुकानाला पत्र दिलं. ग्रुपवर मात्र आम्ही धमकीचा सूर लावला नाही. गावच्या एका जुन्या बाईंनी अ‍ॅडमिनच्या आईला गाठलं आणि तासाभरात फोटो गेला. आमच्याकडे कलमापेक्षा हे लवकर चालतं.

फोटोच्या निमित्ताने तो पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलला. मी "का केलंस" विचारत नाही. मोठ्यांना तो प्रश्न आवडतो, पण सतरा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. तो तुम्हाला आवडेल असं एखादं बनवून देतो. मी विचारलं, "तू कुठे उभा होतास? उजेड कुठून येत होता? तुझ्या मागे कोण होतं?" त्याने सांगितलं. थंडगार एसी, भिजलेली चप्पल, फरशीवर आपल्याच पावलांचे चिखलाचे ठसे, ते बघून वाटलेली लाज. "सगळे कोरडे होते मॅडम, मीच ओला." मग हात गेला. दाराशी वॉचमनने अडवलं. "हात नाही धरला त्यांनी. खांद्यावर ठेवला फक्त."

बराच वेळ तो टेबलाच्या कडेवर नख ओढत राहिला. मग म्हणाला, "बाबांचा पण शर्ट तसलाच असतो."

वडील मुंबईत एका सोसायटीत वॉचमन आहेत, रात्रपाळीला. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. "बीपी आहे त्यांना," असं आईने ठरवून टाकलं होतं.

चौथ्या भेटीत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आधीही दोनदा त्याने वस्तू उचलल्या होत्या. एकदा चॉकलेट, एकदा बॉडीस्प्रे. तेव्हा कुणी पकडलं नव्हतं. हे मी आईला सांगितलं नाही आणि अहवालासाठी आलेल्या परिविक्षा अधिकाऱ्यांनाही नाही. योग्य केलं की नाही, यावर मी आजही दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते. तो पुढे म्हणाला, "तेव्हा पण मीच ठेवलं होतं." मी वहीत फक्त क्रियापद लिहून ठेवलं.

परिविक्षा अधिकारी घरी येऊन गेल्या, त्याची वेगळीच गंमत. मंडळाला मुलाच्या घरादाराचा सामाजिक तपासणी अहवाल लागतो, तो लिहायला या येतात. साध्या साडीत आल्या होत्या. शेजारणीने पडवीतून विचारलं, कोण हो? बाईंनी बेधडक सांगितलं, "बचत गटाच्या." मग दोन शेजारणी कर्जाची चौकशी करायला येऊन बसल्या आणि अधिकारी बाईंनी चहा पीत पीत त्यांनाही माहिती दिली. पोरगा कुठे झोपतो, अभ्यास कुठे करतो, मित्र कोण, पैसे कुठून मिळतात, हे सगळं विचारायला मग त्याला घेऊन विहिरीपर्यंत चालत गेल्या.

मंडळासमोर काय बोलायचं हे मी शिकवत नाही. ते वकिलांचं काम. वकील बाईंनी कॅमेऱ्याचं चित्रण आणि परत मिळालेली वस्तू बघून सांगितलं की खरं सांगायला हरकत नाही. मी एवढंच केलं की तो दिवस त्याच्याकडून माझ्यासमोर तीनदा मोठ्याने सांगून घेतला. पहिल्यांदा "राहिलं." दुसऱ्यांदा "ठेवलं गेलं." (हे कुठून शिकतात कोण जाणे, बहुधा वर्तमानपत्रातून.) तिसऱ्यांदा खूप वेळ लागला.

तारखेला मी बाहेर पडवीत बसले होते. आतलं त्याने नंतर सांगितलं. टेबलाभोवती खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर, पाण्याच्या बाटलीला झाकण नव्हतं. त्या बाटलीकडेच तो बघत होता. दंडाधिकाऱ्यांनी मराठीतच विचारलं, काय झालं? "मी ते खिशात ठेवलं. पैसे द्यायचे नव्हते मला." मग त्यांनी बारावीला कुठले विषय आहेत हे विचारलं. म्हणे त्या प्रश्नानेच जास्त घाम फुटला.

दुसऱ्या तारखेला आदेश झाला: समज देऊन सोडलं, मायलेकांनी समुपदेशन चालू ठेवायचं, आणि आठ रविवार गावच्या वाचनालयात सेवा. पुस्तकांना कव्हरं घालायची. गणपतीला तेव्हा आठवडा राहिला होता.

मग उरले वडील. कायद्याला त्यांची गरज नव्हती, आई हजर होती, तेवढं पुरत होतं. बाईंचं म्हणणं, मिटलं आहे, उकरायचं कशाला. मी पोरालाच विचारलं. तो म्हणाला, "चतुर्थीला ते आरतीला उभे राहतील आणि मी टाळ वाजवत असेन. मला नाही जमणार." कधी सांगू, कसं सांगू, हेही त्यानेच विचारलं. मी म्हटलं, दोघांचे हात कामात असतील तेव्हा सांग. समोरासमोर बसून नको.

वडील कोकण रेल्वेने पहाटे उतरले, चतुर्थीच्या तीन दिवस आधी. दुपारी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची पानाफळांची चौकट, बांधायला घेतली. वडील स्टुलावर, हा खालून आंब्याच्या डहाळ्या आणि कवंडळाची रानफळं देत होता. तेव्हा सांगितलं. पुढचं मला बाईंनी फोनवर सांगितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातलं पीठ तसंच वाळत होतं.

वडिलांनी खाली बघितलं नाही. दोन कवंडळं बांधली. तिसरं बांधताना विचारलं, "वॉचमन काय म्हणाला?"

"काय नाही. बसायला खुर्ची दिलीन."

"कुणाची?"

"त्याचीच."

वडील थोडा वेळ थांबले. मग हात खाली करून म्हणाले, "सुतळी दे."