क्रॉसओव्हरच्या हिशेबात दुसरा अ‍ॅम्प धरला का?

प्रश्न : मी भांडुपला राहतो, वय 41. हाती पगार 78 हजार. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च 62 हजार, शिवाय 8 हजारांची एसआयपी. बँकेत 1 लाख 40 हजारांची एफडी आहे. गेल्या वर्षी मित्राच्या मदतीने साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि एक इंची सिल्क डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा) आणून स्पीकरची जोडी स्वतः बांधली. आवाज छान आहे, पण डग्गा घुमतो आणि गाणारा वरच्या पट्टीत गेला की कानाला टोचतं. म्हणून आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटून देणारा आतला पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढून अ‍ॅक्टिव्ह करायचं मनात आहे. परदेशी डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा) क्रॉसओव्हर 29 हजारांना, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. रोख दिले तर साडेसत्तावीस. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक सेकंड-हँड अ‍ॅनालॉग क्रॉसओव्हर साडेआठ हजारांना आहे. मित्र म्हणतो तीन हजारांचा डीएसपी बोर्ड घे आणि जुळव. आवाज मोजायचा माइक त्याच्याकडे आहे. यंदा हातात 90 हजार बोनस आलाय. जूनमध्ये मुलगी अकरावीला जाईल. स्पीकरवरचा खर्च ही एक प्रकारे गुंतवणूकच नाही का? काय घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन क्रॉसओव्हरच्या किमती आहेत, पण दुसऱ्या अ‍ॅम्पचा (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा) उल्लेख कुठेच नाही. तिथूनच सुरुवात करतो, कारण सगळा हिशेब त्यावर फिरतो.

आज तुमच्या अ‍ॅम्पमधून निघालेला सगळा आवाज एकाच वायरीने पेटीत जातो आणि आतल्या कॉइल-कपॅसिटरमध्ये वाटला जातो. अ‍ॅक्टिव्हमध्ये ही वाटणी अ‍ॅम्पच्या आधी होते, त्यामुळे प्रत्येक वूफरला आणि प्रत्येक ट्वीटरला स्वतंत्र चॅनेल लागतो. दोन पेट्यांचे मिळून चार चॅनेल. तुमच्याकडे स्टिरिओ अ‍ॅम्प आहे, म्हणजे दोन. उरलेल्या दोन चॅनेलसाठी बरा क्लास-डी अ‍ॅम्प पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटसकट उभा करायचा तर 12 हजार धरा. वायरी, कनेक्टर आणि ट्वीटरच्या संरक्षणाचे कपॅसिटर यांचे दीड हजार वेगळे. म्हणजे 29 हजारांची वस्तू घरात वाजायला लागेपर्यंत साडेबेचाळीस हजार गेलेले असतील. मी पाहिलेले बहुतेक हौशी लोक इथेच अडकतात. क्रॉसओव्हर आणतात, मग पैसे संपतात, आणि दुसरा अ‍ॅम्प क्रेडिट कार्डावर येतो. कार्डावर थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे चाळीसच्या वर.

आता त्या नो-कॉस्ट हप्त्याचं बघू. बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट किमतीत दाखवते, म्हणून त्याला बिनखर्ची म्हणतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. बँकेचा दर 15 टक्के धरला तर 29 हजारांमध्ये व्याजाचा भाग साधारण सव्वाबावीसशे रुपये, त्यावरचा जीएसटी चारशे. प्रोसेसिंग फी 199 असेल तर करासह आणखी 235. शिवाय रोखीची दीड हजारांची सूट तुम्ही सोडता ती वेगळीच. बेरीज करा, एकवीसशे रुपयांच्या पुढे जाते. साडेसत्तावीस हजारांच्या वस्तूवर हे कमी नाही. यात तुमचा एक अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय आला असता.

गुंतवणुकीबद्दल स्पष्ट बोलतो : नाही, ही गुंतवणूक नाही. दोन वर्षांनी तो डबा विकायला काढलात तर घेतल्याच्या भावाला जाणार नाही. हा खर्च आहे, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी स्वतः बांधलेल्या स्पीकरवर गाणं ऐकावं यासाठी केलेला खर्च मला अजिबात वावगा वाटत नाही. त्याला गुंतवणुकीचं नाव दिलं की मात्र तो एसआयपीच्या आणि एफडीच्या रांगेत जाऊन बसतो आणि त्यांचे पैसे खातो. त्याला छंदाचा खर्च म्हणूनच वेगळी रक्कम द्या.

खर्च करण्याआधी, दुखणं खरंच क्रॉसओव्हरचं आहे का ते तपासा. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि माझ्या मते त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. भांडुपच्या फ्लॅटमधली खोली दहा बाय बारा फुटांची असेल असं धरतो. बारा फुटांच्या लांबीत भिंतींमुळे होणारा पहिला घुमारा 47 हर्ट्झच्या आसपास बसतो आणि त्याचा दुप्पट 94 ला. दहा फुटांच्या बाजूचा 56 ला. डग्ग्याची गाज याच पट्ट्यात येते. क्रॉसओव्हर अडीच हजार हर्ट्झच्या आसपास काम करतो, त्याचा या घुमाऱ्याशी संबंध नाही. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा, कोपऱ्यातून बाहेर काढा, ऐकायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही पुढे घ्या. याला शून्य रुपये लागतात. डीएसपीमधल्या इक्वलायझरने घुमाऱ्याचा तो उंचवटा कापता येतो हे खरं, पण आधी फुकटचं करून बघा.

वरच्या पट्टीतलं टोचणं मात्र क्रॉसओव्हरचं असू शकतं, आणि इथे अ‍ॅक्टिव्हची बाजू खरोखर भक्कम आहे. ह्यूलेट-पॅकार्डमधले अभियंते झिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली यांनी बसवलेली, 1976 साली प्रसिद्ध झालेली फिल्टरची रचना आजही सगळीकडे वापरली जाते. जोडाच्या जागी, म्हणजे जिथे वूफर संपून ट्वीटर सुरू होतो तिथे, दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबलने खाली असतात, एकाच फेजमध्ये (एकाच तालात) चालतात आणि बेरीज सपाट येते. पण ही बेरीज हवेत जुळायला दोन्ही ड्रायव्हरचा (वूफर आणि ट्वीटरचा) आवाज कानाशी एकाच वेळी पोचावा लागतो. वूफरचा कोन खोल असल्याने त्याचा आवाज ट्वीटरच्या दोन-तीन सेंटीमीटर मागून निघाल्यासारखा येतो. तीन सेंटीमीटर म्हणजे 0.09 मिलिसेकंद. डीएसपीमध्ये ट्वीटरला एवढा उशीर देणं म्हणजे एक आकडा टाइप करणं. पॅसिव्हमध्ये याच कामाला पेटीचा दर्शनी भाग तिरका करावा लागतो किंवा जास्तीचे भाग घालावे लागतात.

पैशाच्या नजरेने मला यात मोलाची वाटते ती प्रयोगाची किंमत. पॅसिव्हमध्ये अडीच हजार हर्ट्झचा जोड बावीसशे हर्ट्झवर आणायचा तर नवी तांब्याची कॉइल, नवे कपॅसिटर, आणि दोन्ही पेट्यांसाठी दोन-दोन. डीएसपीमध्ये तो बदल पाच मिनिटांत होतो आणि आवडला नाही तर पाच मिनिटांत मागे जातो. तुम्ही पुढची पाच वर्षं वेगवेगळे ड्रायव्हर लावून बघणार असाल तर डीएसपीचे पैसे वसूल होतात. ही एकच जोडी नीट करून आयुष्यभर वाजवायची असेल, तर माप घेऊन पॅसिव्हच सुधारणं स्वस्तात पडेल. हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पत्रावरून तुम्ही पहिल्या गटातले वाटता.

लॅमिंग्टन रोडचा साडेआठ हजारांचा अ‍ॅनालॉग मी सोडून देईन. तो स्टेजच्या कामासाठी बनलेला असतो. त्याची सिग्नलची पातळी सव्वा व्होल्टच्या आसपास, घरातल्या उपकरणांची एक तृतीयांश व्होल्ट; जवळजवळ बारा डेसिबलचा फरक. तो नीट जुळवला नाही तर रात्री गाणं बंद असतानाही ट्वीटरमधून सुस्स ऐकू येत राहतं. त्यात उशीर देण्याची सोय बहुधा नसते आणि पेटीनुसार लागणारी दुरुस्तीही नसते. पेटी 22 सेंटीमीटर रुंद असेल तर साधारण 500 हर्ट्झच्या खाली आवाज पेटीमागे वळायला लागतो आणि ऐकणाऱ्याला पातळ वाटतो. ही उणीव भरून काढणारा भाग तुमच्या आजच्या पॅसिव्हमध्ये असण्याची शक्यता आहे. तो काढून नुसता अ‍ॅनालॉग डबा लावला तर पैसे देऊन आवाज बिघडेल.

मी स्वतः 2014 साली तिथल्या एका दुकानातून असाच जुना क्रॉसओव्हर बिलाशिवाय आणला होता. आठव्या दिवशी डावा चॅनेल गेला आणि दुकानदाराने वस्तू आपली असल्याचंच नाकारलं. तेव्हापासून मी तिथे लॅपटॉप, हेडफोन आणि वायर सोबत घेऊन जातो. वस्तू चालू करून दोन्ही चॅनेल ऐकतो, मागचं व्होल्टेजचं बटण 230 वर आहे ना ते बघतो आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देत नाही. दुसरा अ‍ॅम्प घ्यायला तुम्ही तिथेच जाल, तेव्हा हे करा.

राहिला मित्राचा बोर्ड. एडीएयू 1701 या चिपचे बोर्ड मिळतात. दोन इनपुट, चार आउटपुट, म्हणजे तुमच्या दोन पेट्यांना नेमके पुरेसे. आखणी करायचं सिग्मास्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ती आखणी चिपमध्ये भरणारं प्रोग्रामर हे उपकरण मात्र वेगळं लागतं. तीन हजारांत ते धरलं आहे का हे मित्राला विचारून घ्या. पहिले दोन रविवार डोकं खाईल, आवाजाची स्वच्छता परदेशी डब्याइतकी नसेल. तरी मी हाच घ्या म्हणेन, कारण यात बुडाले तर तीन हजार बुडतील. तुम्ही घेतलेला दुसरा अ‍ॅम्प, वायरी, शिकलेलं माप घेणं, हे सगळं पुढे परदेशी डबा घेतलात तरी जसंच्या तसं वापरात राहील.

आता बोनस. तुमचा महिन्याचा खर्च 62 हजार, म्हणजे सहा महिन्यांची तजवीज 3 लाख 72 हजारांची हवी. एफडी 1 लाख 40 हजारांची आहे, सव्वादोन महिन्यांची. घराचा हप्ता चालू असताना ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. म्हणून 90 मधले 55 हजार तिथे टाका, पण एकच मोठी एफडी न करता दोन-तीन लहान करा, म्हणजे अडचणीला एकच मोडावी लागेल. 15 हजार अकरावीच्या प्रवेशासाठी बचत खात्यात राहू द्या. उरलेले 20 हजार छंदाचे : बोर्ड 3, अ‍ॅम्प 12, वायरी-कपॅसिटर दीड, आणि साडेतीन हजार हाताशी, कारण काहीतरी जळतंच.

पगारातून खर्च आणि एसआयपी वजा जाता महिन्याला 8 हजार उरायला हवेत. ते कुठे जातात हे पत्रात नाही. त्यातले 5 हजार आरडीत घालून एफडीच्या जोडीला लावा, आणि दीड हजाराची वेगळी आरडी छंदासाठी उघडा. वर्षभरात तिथे 18 हजार जमतील. तोवर बोर्ड तुम्हाला अपुरा वाटायला लागला असेल तर परदेशी डबा रोखीने घ्या, त्याच दीड हजारांच्या सुटीसकट. कमी पडणारे पैसे बोर्ड विकून आणि आणखी थोडे महिने थांबून येतील. एसआयपीला हात लावू नका.

दोन गोष्टी जिवाच्या आणि वस्तूच्या सुरक्षेच्या. अ‍ॅक्टिव्हमध्ये ट्वीटर थेट अ‍ॅम्पला जोडलेला असतो. बोर्ड चालू-बंद होताना बसणारा एक धक्का त्याची कॉइल जाळायला पुरतो. प्रत्येक ट्वीटरच्या वाटेत 33 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला. आठ ओहमच्या ट्वीटरला तो 600 हर्ट्झच्या खालचं अडवतो आणि तुमच्या जोडाला फारसा धक्का लावत नाही. दुसरं, चार चॅनेल झाले की 50 हर्ट्झची गुणगुण येण्याची शक्यता वाढते. ती घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नका. सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरच्या पट्टीला जोडून बघा.

या शनिवारी मित्राकडून माइक आणा, आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घाला आणि स्पीकर आहेत त्या जागी एकदा, भिंतीपासून पुढे ओढून एकदा माप घ्या. 94 हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा किती उतरला ते मला कळवा. अ‍ॅम्प त्यानंतर घेऊ.