काउंटरवर बसण्याआधी

अगं, हॉस्पिटलात नोकरीसाठी कोर्स कुठला करू म्हणतेस, पण आधी ठरव: तुला पेशंटला हात लावायचाय की कागदांना? बीपी, ड्रेसिंग, व्हीलचेअर जमत असेल तर जनरल ड्यूटी असिस्टंट. नाहीतर फ्रंट ऑफिस, बिलिंग. फी भरण्याआधी वॉर्डात किती दिवस उभं करणार, तेवढं विचार. बाकी माहितीपत्रकं सगळी सारखीच.

खरी कसोटी टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलात विम्याचे कागद बघतात त्या टेबलावर. विमा कंपनीने कॅशलेसवर १ तासात, डिस्चार्जवर ३ तासांत निर्णय द्यावा, हा २०२४चा नियम. पण कागद अपुरा गेला की प्रश्न उलटून येतोच. माझ्या पहिल्याच महिन्यात आधारवर ‘सुनीताबाई’ आणि पॉलिसीवर ‘सुनीता’ होतं. मी तसंच पाठवलं. बाई संध्याकाळपर्यंत औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून होत्या. आता मी अक्षर न् अक्षर जुळवते.

आणि इंदूरात नुसतं घरचं मराठी पुरत नाही हं. खरगोन-बडवानीकडचे लोक निमाडी बोलतात, कान तयार ठेव. उपाशीपोटी तपासणी असेल तर ‘चहा घेतला का?’ हे वेगळं विचार. चहाला आपल्याकडे कुणी खाण्यात धरत नाही!