संघ बदलण्याचा हक्क आणि टेनिसची शिष्यवृत्ती : ओहायोतील एका पालकांना उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या सविस्तर पत्रात दोन विषय एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून इतर वाचकांसाठी त्याचा आशय आधी सांगते. तुम्ही २०१० मध्ये एमएस करण्यासाठी पुण्याहून कोलंबसला गेलात, तेथेच नोकरीला लागलात आणि ओहायो स्टेट विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचे निस्सीम चाहते झालात. अलीकडे मात्र दर जानेवारीत ओळखीचे खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात गेलेले दिसतात, खेळापेक्षा कोणाला किती लाख डॉलर मिळाले याचीच चर्चा अधिक होते, आणि शनिवारचा सामना पाहण्यावरून तुमचे मन विटत चालले आहे. अशातच अकरावीत शिकणाऱ्या तुमच्या मुलीशी टेनिसच्या दोन प्रशिक्षकांनी संपर्क साधला, आणि तिने घरी सांगितले की ती आधी लहान विद्यापीठात जाईल व खेळ सुधारल्यावर दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठाच्या संघात प्रवेश मिळवील. तुम्हाला हे खाल्ल्या मिठाला न जागणे वाटते. तिचे मन कसे वळवावे, आणि खेळातून तिला पैसे मिळतील का, असे तुम्ही विचारले आहे.

प्रेक्षक म्हणून तुमची नाराजी मला रास्त वाटते. कॉलेजच्या खेळाची गोडी व्यावसायिक लीगहून निराळी होती. पहिल्या वर्षी बाकावर बसून राहिलेला मुलगा तिसऱ्या वर्षी मैदानात उतरताना पाहायचा आणि चौथ्या वर्षी शेवटच्या घरच्या सामन्याला आईवडिलांसह त्याला निरोप द्यायचा, या क्रमाने प्रेक्षक संघाशी जोडला जात असे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले. २०२१ मध्ये, पहिल्यांदा संघ बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसवण्याची अट गेली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून तर अभ्यासात पुरेशी प्रगती असणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलता येऊ लागला. खर्चाचा भार प्रेक्षकांवरही आला. टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या फुटबॉल हंगामाच्या तिकिटांवर दहा टक्के अधिभार लावला आणि तो खेळाडूंना द्यायच्या पैशांसाठी असल्याचे उघडपणे सांगितले. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये, मानधनाची बोलणी फिसकटल्याच्या बातम्यांपाठोपाठ, त्याच संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, निको इआमालेआवा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात निघून गेला. हंगामाच्या तिकिटाचे पैसे भरून बसलेल्या माणसाचा संताप मी समजू शकते.

तरीही हा संताप एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर काढणे मला पटत नाही. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने अनेक दशके खेळाडूंच्या मोबदल्यावर मर्यादा घातली, पण मुख्य प्रशिक्षकांच्या पगारावर घातली नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना हंगामाच्या मध्यातच पदावरून दूर केले, तेव्हा करारानुसार त्यांचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे लागत होते. प्रशिक्षक करार मोडून दुसरीकडे गेले तर ती प्रगती समजायची आणि खेळाडू गेला तर बेइमानी, हा न्याय फार काळ टिकणारा नव्हता. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादेविषयीच्या ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला. संघ बदलण्यावरचे उरलेले निर्बंध ज्या दाव्यामुळे गेले, तो डिसेंबर २०२३ मध्ये सात राज्यांनी मिळून दाखल केला होता आणि त्यांत पुढाकार तुमच्याच ओहायो राज्याच्या महाधिवक्त्यांचा होता. शिवाय ज्या संघाने २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात नोटर डेमला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्या तुमच्या संघाचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आलेला होता, क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीमधून आणि केलेब डाउन्स अलाबामातून. त्या रात्रीचा तुमचा आनंद खरा होता. अलाबामाच्या एखाद्या चाहत्याने मात्र डाउन्स गेला तेव्हा तुमच्यासारखेच पत्र लिहिले असते, एवढे ध्यानात घ्यावे.

प्रेक्षकाची निष्ठा हे खेळाडूच्या डोक्यावरचे कर्ज नव्हे, ही या उत्तरातील माझी मुख्य भूमिका आहे. तुमची मुलगी ज्या विद्यापीठात जाईल तेथे ती आपला अभ्यास, घाम आणि वेळ देईल आणि विद्यापीठ त्याच्या बदल्यात तिला शिक्षण देईल. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे पाळला गेला, तर दोन वर्षांनी तिने दुसरीकडे जाण्यात कृतघ्नता नाही. भारतीय टेनिसमध्येच दोन्ही वाटा दिसतात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातच राहिला आणि २००७ व २००८ अशी सलग दोन वर्षे एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद त्याने मिळवले. दक्षिणेश्वर सुरेश आधी दुसऱ्या ठिकाणी खेळत होता, तेथून तो वेक फॉरेस्टला गेला आणि २०२५ मध्ये सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या संघात खेळला. दोघांपैकी कोणी चुकले असे म्हणता येणार नाही. ऋतुजा भोसलेचे नाव तर पुणेकर म्हणून तुम्हाला ठाऊकच असेल. टेक्सास ए अँड एमकडून खेळलेल्या ऋतुजाने पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

तेव्हा तिचे मन नीतीच्या मुद्द्यावर वळवू नका. तिच्या बेतात खरे धोके आहेत, पण ते वेगळ्याच ठिकाणी आहेत आणि त्यांविषयी तिच्याशी मोकळेपणाने बोलायला हवे.

पहिला धोका अभ्यासाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. तुमच्या मुलीला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचे आहे असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. खरे तर पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते. डिव्हिजन वन या एनसीएएच्या सर्वोच्च श्रेणीच्या नियमानुसार खेळाडूने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के आणि चौथ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत ६० टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो. येथे नुसत्या एकूण क्रेडिटना अर्थ नसतो, ज्या विद्यापीठात जायचे तेथील पदवीला ती लागू पडावी लागतात. दोन विद्यापीठांचे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम क्वचितच तंतोतंत जुळतात. एका ठिकाणचा प्रयोगशाळेचा विषय दुसऱ्या ठिकाणी ऐच्छिक ठरतो किंवा धरलाच जात नाही. अशा वेळी खेळण्याची पात्रता टिकवण्यासाठी मुले शाखा बदलतात, सोपा विषय घेतात, आणि चार वर्षांनी हाती येणारी पदवी मूळ इच्छेशी जुळत नाही. हंगामात सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, पण प्रवास, उपचार आणि स्वतःहून केलेला व्यायाम धरला तर प्रत्यक्ष वेळ त्याहून बराच अधिक जातो, आणि दुपारची प्रयोगशाळा व दुपारचा सराव यांची टक्कर जवळजवळ ठरलेली असते. एनसीएएच्याच सांगण्यानुसार महाविद्यालयीन खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहून कमी जण पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. त्यामुळे तिला संघ बदलायचा असेल तर कोणत्या विद्यापीठात बदलणे शक्य आहे हे तिने पहिल्या वर्षापासून पाहावे, तेथील अभ्यासक्रम समोर ठेवून विषय निवडावेत आणि कोणते विषय ग्राह्य धरले जातील याचे लेखी उत्तर त्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागाकडून घ्यावे. प्रशिक्षकाचे तोंडी आश्वासन याबाबतीत कामाचे नाही, कारण तो निर्णय प्रशिक्षकाच्या हातात नसतो.

दुसरा धोका पैशांचा. येथे अलीकडे एक बदल झाला आहे आणि तो अनेक भारतीय पालकांच्या लक्षात आलेला नाही. पूर्वी मुलींच्या टेनिस संघाला आठ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि अर्धी दिली तरी ती मर्यादेत पूर्णच मोजली जाई, त्यामुळे शिष्यवृत्ती सहसा पूर्ण दिली जाई, म्हणजे ज्या मुलीला मिळाली तिचा शिक्षण-निवासाचा सारा खर्च निघत असे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या हाउस खटल्यातील तडजोडीला मान्यता दिल्यानंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली, टेनिससाठी ती दहा आहे. कागदावर हे सुधारल्यासारखे दिसते, कारण दहाही मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण ती देण्याचे बंधन नाही, आणि आता अर्धी किंवा पाव शिष्यवृत्ती देण्यात विद्यापीठाचा तोटाही नाही. त्याच तडजोडीमुळे २०२५-२६ मध्ये एका विद्यापीठाला खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटण्याची मुभा मिळाली, आणि त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. ही रक्कम कोठून तरी काढावी लागते, म्हणून टेनिससारख्या खेळांच्या खर्चाला कात्री लागण्याची भीती खरी आहे. २०२० च्या महासाथीत पैसे कमी पडले तेव्हा आयोवा आणि मिनेसोटा या मोठ्या विद्यापीठांनीही पुरुषांचे टेनिस संघ बंद केले होते. ज्या दोन प्रशिक्षकांनी संपर्क साधला आहे त्यांना म्हणूनच विचारा की शिष्यवृत्ती खर्चाच्या किती टक्के असेल, किती वर्षांसाठी असेल, दुखापत झाली तर ती चालू राहील का आणि संघच बंद झाला तर तिची पदवी पूर्ण होईपर्यंत विद्यापीठ खर्च उचलेल का. उत्तर करारात लिहिलेले असावे. ती पोर्टलमध्ये गेली तर जुन्या विद्यापीठाला सत्र संपताच तिची शिष्यवृत्ती थांबवता येते आणि नवे स्थान मिळण्याची हमी कोणीच देत नाही, हेही तिला स्पष्ट सांगा.

तुमच्या घरासाठी हा मुद्दा अधिक नाजूक आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेमुळे ती अजून एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे असे तुम्ही कळवले आहे. एच-४ वरील विद्यार्थ्याला केंद्र सरकारची शैक्षणिक मदत किंवा कर्ज मिळत नाही, त्यामुळे अर्धी शिष्यवृत्ती मिळालेल्या अमेरिकन नागरिक मुलीला उरलेली रक्कम जुळवण्याचे जे मार्ग असतात, ते तुमच्या मुलीसाठी बरेचसे बंद आहेत. खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती आणि नामांकित विद्यापीठाची अर्धी शिष्यवृत्ती यांत निवड करायची वेळ आली, तर तुमच्या परिस्थितीत मी पहिलीला झुकते माप देईन.

खेळातून कमाई होईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सोपे आहे, जरी ते तिला आवडणार नाही. शिष्यवृत्ती घेण्यास हरकत नाही. मात्र निवास आणि भोजनासाठी मिळणाऱ्या भागावर कर लागतो, याची नोंद घ्यावी. जाहिरात, प्रायोजकाकडून मानधन, पैसे घेऊन शिबिर चालवणे किंवा समाजमाध्यमांवर एखाद्या उत्पादनाची शिफारस करणे हे एच-४ वर काम ठरते आणि त्याची परवानगी नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील मुलांची अडचणही मोठी आहे. केंटकीचा काँगोमधून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे देशातला नावाजलेला खेळाडू होता, तरी त्याला ऑगस्ट २०२२ मध्ये संघासह बहामाला गेल्यावरच, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, असे व्यवहार करता आले. एखाद्या रॅकेट कंपनीच्या दोनशे डॉलरपायी कुटुंबाची ग्रीन कार्डाची अर्जप्रक्रिया धोक्यात येणे कोणालाच परवडणार नाही. इमिग्रेशन वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय तिने एकाही कागदावर सही करू नये, मग तो कागद विद्यापीठाने दिलेला का असेना.

दोन प्रशिक्षकांपैकी एकाने आपण पोर्टलमधून खेळाडू घेतो असे सरळ सांगितले, म्हणून तुम्ही त्याला बाद केले आहे. मी तसे करणार नाही. खरे सांगणारा माणूस आहे, ही जमेची बाजू समजा आणि त्याला पुढचा प्रश्न विचारा की गेल्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाला आलेल्या किती मुली अजून संघात आहेत आणि त्यांपैकी इंजिनिअरिंग शिकणाऱ्या किती. दुसऱ्या प्रशिक्षकालाही हेच विचारा. केवळ प्रशिक्षकाकडे पाहून विद्यापीठ निवडणे मात्र टाळा. इआमालेआवा यूसीएलएला गेला त्याच हंगामात पहिले तिन्ही सामने हरल्यावर तेथील मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. उद्या प्रशिक्षक गेला आणि गुडघ्याच्या दुखापतीने खेळ थांबला, तरी येथे शिकायला आवडेल का, याचे उत्तर विद्यापीठाला भेट देताना तिला स्वतःला शोधू द्या. त्या भेटीत टेनिस कोर्टाइतकाच वेळ तिने प्रयोगशाळेत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींसोबत घालवावा.

शेवटचा मुद्दा तारखांचा. २१ वर्षे पूर्ण होताच एच-४ संपते आणि तोवर ग्रीन कार्ड हाती आले नाही तर तिला एफ-१ वर जावे लागेल. तिच्या वयाचा हिशेब केला तर हे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमारास होईल, म्हणजे तिच्या बेतानुसार ती नुकतीच नव्या विद्यापीठात गेलेली असेल. एफ-१ साठी लागणारा आय-२० हा कागद विद्यापीठच देते, त्यामुळे विद्यापीठ बदलणे आणि व्हिसाचा दर्जा बदलणे ही दोन्ही कामे एकाच सत्रात येऊ नयेत. बाहेरच्या राज्यातील विद्यार्थिनी म्हणून तिचे शुल्क वाढेल का, हेही दोन्ही विद्यापीठांच्या कार्यालयांना आत्ताच विचारून ठेवा. वकिलाकडे जाताना तिला बरोबर न्या, कारण करार, शिष्यवृत्ती आणि आय-२० या सगळ्या कागदांवर नाव तिचे असणार आहे.

आपली,
करिअर मार्गदर्शक