हत्यारांशिवाय पलंग जोडायचाय? आधी तो सुटतो का ते बघा

तुमचा प्रश्न असा: पलंग, कपाट, साइड टेबल हे बेडरूमचं सामान घरच्या माणसाला स्क्रू ड्रायव्हर-ड्रिल हातात न धरता जोडता यावं, तर ते डिझाइन कसं करावं?

माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला हवा. पलंग जोडताना आपण निवांत असतो. सोडवायची वेळ मात्र कधी सांगून येत नाही. जो पलंग अंधारात, घाबरलेल्या माणसाला, रिकाम्या हातांनी सोडवता येतो, तो जोडायला सोपा असतोच.

मी सांगलीची. आमचं घर गावभागात, खाली दोन खोल्या आणि वर माडी. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या आकड्याकडे असतं. 40 फूट इशारा, 45 धोका. ऑगस्ट 2019 मध्ये आकडा 50 च्या पुढे गेला तरी आप्पा म्हणत होते, 2005 ला आपल्या पायरीशी थांबलं होतं, आताही थांबेल. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि वीज गेलेली होती.

खाली दोन पलंग होते. एक दादा-वहिनीचा, नवा, पार्टिकल बोर्डचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा), खाली सामान ठेवायचा हायड्रॉलिक खोका असलेला. दुसरा आज्जीचा, तिच्या लग्नातला, सागवानी. दादाचं मॉड्युलर फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे हत्यारं घरात होती. तो दातात मोबाइलचा टॉर्च धरून गुडघाभर पाण्यात स्क्रू काढत होता. तीन निघाले, चौथ्याची खाच झिजली. आतल्या मिनिफिक्सच्या (फळ्या आवळून धरणाऱ्या लॉकच्या) चकत्या फिरत होत्या, पण फळी हलेना. जोडणाऱ्या माणसानं मजबुतीसाठी लाकडी खुंट्यांना फेव्हिकॉल लावून ठेवला होता.

आज्जी तेव्हा 81 वर्षांची. ती मला म्हणाली, "अगं, उशाकडची पाचर आधी, पायथ्याची मागनं. खालनं वर ठोक." मी वरवंटा घेतला. प्रत्येक पाचरीला खालून दोन ठोके, पाचर हातात. चारही पाचरी निघाल्यावर खूर, म्हणजे पलंगाचे पाय, आपोआप सैल झाले. चार खूर, चार फळ्या, उशाची कमान आणि सुट्या पट्ट्या, सगळं मी आणि वहिनीनं माडीवर नेलं. दादाचा पलंग खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर त्याच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या, हात लावला की भुसा गळायचा.

त्या रात्रीपासून दादाचा आणि माझा वाद चालू आहे, आणि तुमचा प्रश्न वाचून तो पुन्हा डोक्यात आला. त्याचं म्हणणं, पूर काय रोज येतो का, जगभर सुटं फर्निचर स्क्रूवरच चालतं. तो मला थोनेट या फर्निचर कंपनीच्या 1859 सालच्या 14 नंबरच्या खुर्चीचा दाखला देतो: सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. खरं आहे, पण तो खोका कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे जायचा, म्हणजे एका दिशेचा प्रवास. आपल्याकडे भाड्यानं राहणारा माणूस अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतो. पार्टिकल बोर्डात स्क्रू पुन्हा पुन्हा पिळला की पकड कमी होत जाते, भोक मोठं होतं. अशा फर्निचरला "सहज हलवता येणारं" म्हणून विकणं मला पटत नाही.

आता कामाचं. मी सांगलीजवळ कुपवाडला लहानसं वर्कशॉप घेतलंय आणि पाचरीचेच पलंग करते. मुख्य गोष्ट एकच: झोपणाऱ्याच्या वजनानं जोड आवळला गेला पाहिजे, सैल होता कामा नये. म्हणून पाचर उभी, वरून खाली जाणारी ठेवायची. उन्हाळ्यात लाकूड आटलं तर ती स्वतःच्या वजनानं आणखी खाली बसते. आडवी पाचर हादऱ्यांनी निसटते.

फळीच्या टोकाला कुसू (खुराच्या भोकात बसणारी अरुंद जीभ) काढून ते खुराच्या आरपार बाहेर आणायचं आणि बाहेर आलेल्या भागात पाचरीचं भोक पाडायचं. इथे बहुतेक जण चुकतात. भोकाची आतली कड खुराच्या पृष्ठभागाच्या दोन मिलिमीटर आत गेली पाहिजे. ती पृष्ठभागाशी बरोबर जुळवली तर पाचर कुसवाच्याच लाकडावर टेकते आणि खुराला ओढतच नाही. पलंग दिसायला जोडलेला, पण डुलतो. भोकाच्या पुढे कुसवाचं निदान दोन इंच लाकूड शिल्लक ठेवा, नाहीतर टोक फाटून येतं.

पाचरीचा उतार मी आधी आठास एक ठेवला होता, म्हणजे आठ मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर निमुळती. पहिल्याच पावसाळ्यात ती अशी बसली की हातानं निघेना. आता सहास एक ठेवते. तळव्यानं दाबली की बसते, खालून तळव्यानंच ढकलली की निघते, वरवंटाही लागत नाही. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं, म्हणून कुसवाच्या रुंदीला मिलिमीटरभर मोकळीक ठेवा.

झोपायच्या पट्ट्या सुट्या देऊ नका. त्या नवारीच्या दोन पट्ट्यांवर ठोकून घ्या, म्हणजे चटईसारख्या गुंडाळता येतात. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना पटाशीनं सारख्या खुणा करा: एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. आज्जीच्या पलंगावर होत्या, अंधारात बोटाला लागत होत्या. त्यापुढे छापील सूचनापत्राची गरज नाही. आणि एकही भाग 15 किलोच्या वर नको, एकट्या माणसाला जिन्याच्या वळणावरून नेता आला पाहिजे.

दादा म्हणतो पाचरीचा पलंग करकरतो. करकरतो, वर्षातून दोनदा, ऋतू बदलताना. तळव्यानं पाचर दाबली की आवाज बंद. स्क्रूचा पलंग करकरायला लागला की भोकच मोठं झालेलं असतं, तिथे दाबायला काही नसतं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा दादा दुकानातला माल वर चढवण्यात अडकला होता. वहिनीनं माझा पलंग एकटीनं सोडवून माडीवर नेला. दादा त्यावर आजवर काही बोललेला नाही.

हे सगळं पलंगाचं झालं. कपाटाला हा नियम लावू नका. उंच कपाट किंवा ड्रॉवरचं कपाट हत्यारांशिवाय उभं करता येईल, पण भिंतीला बांधल्याशिवाय ते मुलांच्या घरात ठेवू नये. मुलं ड्रॉवर उघडून त्यांवर चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. अमेरिकेत 2016 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीला याच कारणानं 2.9 कोटी ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली होती. भिंतीला बांधायला ड्रिल लागतंच, ते माणूस बोलावून करून घ्या. साइड टेबलला आयकियाच्या लिसाबो टेबलासारखी खाचेत सरकून क्लिक होणारी लाकडी खुंटी पुरते.

आणखी एक, मी सांगितलेली मापं भरीव लाकडाची आहेत. प्लायवूडमध्ये असं कुसू काढू नका, भोकाजवळ थर सुटतात. सागवान महाग पडतं हेही खरं. बाभूळ नीट वाळलेली मिळाली तर खूर आणि पाचरी तिच्या करा, पाचर झिजत नाही.

गादीचं माप (78 बाय 60 की 78 बाय 72 इंच) आणि जिन्याची रुंदी कळवा, फळीची जाडी आणि कुसवाचं माप मी लिहून देते.