पोटॅशियम चॅनेल: ‘वाहिनी’ म्हणावे की ‘मार्गिका’?

नौपाड्यातील एक वाचक मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहेत. ‘पोटॅशियमच्या वाहिन्या रक्तातील जादा पोटॅशियम खेचून लघवीत टाकतात’ हे वाक्य योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते येथे ‘वाहिनी’ टाळावी. रक्तवाहिनी, मूत्रवाहिनी या शब्दांमुळे वाहिनी म्हटले की नळीच डोळ्यांसमोर येते, आणि ‘नलिका’ हा शब्द तर मूत्रपिंडातील सूक्ष्म नळ्यांसाठी आधीच रूढ आहे. चॅनेल म्हणजे मात्र त्या नलिकेच्या भिंतीतील पेशींच्या पटलात बसलेले प्रथिन, ज्याच्या अरुंद वाटेतून पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) जातात, पण आकाराने लहान असूनही सोडियमचे आयन सहसा जाऊ शकत नाहीत. रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेची चर्चा वर्षानुवर्षे ऐकलेल्या ठाणेकरांना राखीव वाट म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. म्हणून ‘मार्गिका’ बरी.

‘खेचून’ हे क्रियापद मला त्याहून अधिक खटकते. खेचण्याचे काम पंपाचे. रक्ताच्या बाजूच्या पटलावरील पंप ऊर्जा खर्चून दर फेरीला तीन सोडियम पेशीबाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. असे साठलेले पोटॅशियम नलिकेच्या बाजूच्या मार्गिकेतून आपोआप बाहेर पडते, कारण पेशीत त्याचे प्रमाण जास्त असते आणि सोडियम नलिकेतून पेशीत शिरल्यामुळे नलिकेची बाजू ऋणभारित झालेली असते. मार्गिका खेचत नाही, ती फक्त वाट देते.

पुढे त्यांनी ‘नियंत्रण’ लिहिले आहे, तेथे ‘नियमन’ हवे, कारण हुकूम सोडणारा कोणी एक नाही. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक पंप आणि सोडियमच्या मार्गिका या दोहोंचे काम वाढवते व त्यातून पोटॅशियमचे उत्सर्जन वाढते. नलिकेतील प्रवाहाचा वेग वाढला की ‘बीके’ नावाच्या पोटॅशियमच्या मार्गिका उघडतात. आणि ‘रॉम-के’ या पोटॅशियमच्या दुसऱ्या मार्गिकेला पेशीतील मॅग्नेशियम आतून अडसर घालते. मॅग्नेशियम घटले की हा अडसर सैल होतो व पोटॅशियम लघवीत निसटत राहते, म्हणून अशा रुग्णाचे पोटॅशियम नुसते पोटॅशियम देऊन सहसा सावरत नाही, मॅग्नेशियमही भरून काढावे लागते. माहितीपत्रकात ही बाब अवश्य यावी.

पोटॅशियमसाठीचा ‘पालाश’ हा शब्द खताच्या गोणीपुरता राहू द्यावा. रक्ततपासणीच्या अहवालात रुग्णाला ‘पोटॅशियम’च वाचायला मिळते. वाक्य असे करावे: ‘पंपाने पेशीत घेतलेले पोटॅशियम मार्गिकांतून नलिकेत उतरते व लघवीवाटे बाहेर जाते.’